सागरगोट्याची वेल

सागरगोटे खेळलेली आजी आपल्यापैकी अनेकांच्या घरी असेल. एक गोटा वर फेकायचा, तो खाली यायच्या आत जमिनीवरचे उचलायचे आणि वरचाही झेलायचा. फरशीवर घासून तापवलेला गोटा शेजारणीच्या हाताला चटकन लावणं हाही त्या खेळातलाच चावटपणा! पण हा राखाडी, गुळगुळीत गोटा एका काटेरी वेलीची बी आहे, हे किती जणांना ठाऊक असतं? कुंपणांच्या जागी तारा आणि भिंती आल्या, तशी ही वेलही नजरेआड झाली. मराठीत तिला गजगाही म्हणतात, कन्नडमध्ये गज्जुग. वैद्यांची लताकरंज ती हीच.

हिला द्राक्षासारखे तणावे नाहीत, मिरवेलीसारखी चिकटणारी मुळंही नाहीत. चढण्यासाठी आहेत ते फक्त काटे, तेही मागे वळलेले. फांदी वाढत पुढे सरकते तेव्हा काटा आड येत नाही. ती मागे घसरू लागली की मात्र तो आकड्यासारखा शेजारच्या झुडपात रुततो. म्हणून बाही अडकली तर हिसका देऊ नका, फांदीच्या बुडाकडे सरकवा, काटा सुटतो. छाटणीतही हेच ध्यानात ठेवायचं. लांब फांदी कापून बुडाकडून ओढली तर सगळी जाळीच अंगावर येते. जाड हातमोजे घालून जागच्या जागी वीतभर तुकडे करावेत.

बी मात्र भारी हट्टी. कवच इतकं घट्ट की आत पाणी शिरत नाही. समुद्रावर तरंगत हे गोटे पार स्कॉटलंडच्या किनाऱ्यापर्यंत पोचलेले सापडलेत. नुसता मातीत पुरला तर तो नुसता पडून राहील. कानशीने एका बाजूला घासा, आतला फिकट भाग जेमतेम दिसला की थांबा, मग दिवसभर पाण्यात ठेवा. फुगलेलेच गोटे जूनमध्ये बोटाच्या दोन पेरांइतके खोल लावा. ऊन भरपूर हवं, पाणी साचता कामा नये. वाळूची जमीनही चालते. एकदा रुजली की फारसं पाणी मागत नाही. पायवाटेपासून लांब लावा, हे वेगळं सांगायला नको.

पिवळ्या फुलांनंतर शेंगा येतात, त्याही काटेरीच. वाळून उकलेपर्यंत हात लावू नका. एकीत बहुधा एक-दोनच गोटे निघतात. पाच गोट्यांच्या डावाला तीन-चार शेंगा तरी लागतील.