रेमो फर्नांडिस : गिटार, गोवा आणि स्वतःचे गाणे

मराठवाड्यातील नांदेड आणि लातूर या शहरांत गिटार पोचली ती मुख्यतः हिंदी चित्रपटगीतांच्या मार्गाने, आणि ऑर्केस्ट्राच्या रंगमंचावर किंवा महाविद्यालयीन स्नेहसंमेलनांत ती बहुधा गायकाच्या मागे उभी राहिली. पुढे विद्यापीठीय युवक महोत्सवांत पाश्चात्य एकल गायन व समूहगीत हे स्वतंत्र कलाप्रकार आल्याने या भागातील विद्यार्थ्यांना गिटार पुढे आणण्याची संधी मिळाली. परंतु स्वतः रचलेले गाणे स्वतःच्या गिटारवर गाणारा कलावंत, म्हणजे रॉक परंपरेतील गायक-गिटारवादक, हा नमुना त्यांच्या परिसरात दुर्मीळच राहिला. महाराष्ट्राच्या शेजारी या नमुन्याचे सर्वांत ठळक उदाहरण सापडते ते गोव्यात, रेमो फर्नांडिस यांच्या रूपाने.

मराठवाडा आणि गोवा हे दोन्ही प्रदेश १५ ऑगस्ट १९४७ नंतर भारतात आले, पहिला १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामाच्या राजवटीतून आणि दुसरा १९ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगिजांच्या; मात्र दोन्हीकडचा सांगीतिक वारसा अगदी वेगळा होता. नांदेडला गुरुद्वाऱ्यातील शबद-कीर्तन, वारकरी भजन आणि कव्वाली यांचे संस्कार झाले, तर गोव्यात चर्चशी जोडलेल्या शाळांतून मुले पाश्चात्य स्वरलेखन वाचायला आणि व्हायोलिन वाजवायला शिकत. याच शिक्षणाच्या बळावर अँथनी गोन्साल्विस, सेबॅस्टियन डिसूझा यांच्यासारखे गोमंतकीय मुंबईच्या चित्रपटसृष्टीत संगीत संयोजक झाले, म्हणजे संगीतकाराची चाल कोणत्या वाद्याने कुठे व कशी वाजवायची हे कागदावर उतरवणारे तज्ज्ञ. त्यांच्या कामाने हिंदी गाणे समृद्ध झाले, पण त्यांची नावे श्रेयनामावलीत क्वचितच आली. रेमो यांच्या कारकिर्दीचे वेगळेपण या पार्श्वभूमीवर पाहिले पाहिजे.

८ मे १९५३ रोजी पणजीत जन्मलेले रेमो शाळकरी वयातच मित्रांच्या वाद्यवृंदात वाजवू लागले आणि पुढे मुंबईच्या सर ज. जी. वास्तुकला महाविद्यालयात शिकत असताना ‘द सॅव्हेजेस’ या रॉक बँडमध्ये सामील झाले. त्या काळातील भारतीय बँडचा मुख्य खुराक इंग्लंड-अमेरिकेतील गाजलेल्या गाण्यांच्या हुबेहूब नकलेचा होता आणि श्रोत्यांनाही बहुधा तेच हवे असे. वास्तुविशारदाची पदवी घेऊनही रेमो त्या व्यवसायात रमले नाहीत. १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात त्यांनी युरोप आणि उत्तर आफ्रिकेत भटकंती केली, वाटेत गात-वाजवत राहिले, आणि नंतर मुंबईला न जाता गोव्यात परतले.

त्यानंतरच्या ‘गोअन क्रेझी’ (१९८४) या इंग्रजी गाण्यांच्या संग्रहाकडे अधिक बारकाईने पाहणे आवश्यक आहे. तो घरीच, चार मार्गिका असलेल्या कॅसेट यंत्रावर ध्वनिमुद्रित झाला. अशा यंत्रात एकाच फितीवर चार समांतर पट्ट्या असतात. एकीवर गिटार वाजवून ठेवायची, ती ऐकत दुसरीवर बासरी वा ताल भरायचा आणि शेवटी आवाज चढवायचा, त्यामुळे एकटा माणूसही संपूर्ण बँडचा परिणाम साधू शकतो. गीत, चाल, वादन, गायन हे सारे रेमो यांचेच होते, आणि कॅसेट विकण्यासाठी ते स्कूटरवरून दुकाने फिरले. मोठ्या ध्वनिमुद्रण कंपनीवाचून आपला श्रोता मिळवण्याची ही वाट आज संगणकामुळे सोपी भासते. तेव्हा ती जवळजवळ वेडेपणाची होती. पुढच्याच काळातील ‘ओल्ड गोअन गोल्ड’ मध्ये ते जुन्या गोमंतकीय लोकप्रिय गीतांकडे वळले, तर ‘पॅक दॅट स्मॅक’ (१९८६) मधून त्यांनी हेरॉइनच्या व्यसनावर थेट हल्ला चढवला. किनाऱ्यावरच्या पर्यटनाची काळी बाजू गोवेकरांना चांगलीच ठाऊक असल्याने त्या विषयाला उपदेशाचा कोरडेपणा आला नाही. ‘हॅलो राजीव गांधी’ सारख्या गाण्यात तर त्यांनी देशाच्या पंतप्रधानांनाच नावाने हाक मारली.

चित्रपटांतील यश तुलनेने सर्वज्ञात आहे. श्याम बेनेगल यांचा ‘त्रिकाल’ (१९८५), ‘जलवा’ (१९८७) चे शीर्षकगीत आणि ‘बॉम्बे’ (१९९५) च्या हिंदी आवृत्तीतील ‘हम्मा हम्मा’ यांमुळे त्यांचा आवाज मराठवाड्यातील घराघरांत, लग्नाच्या वरातींतही पोचला. २००७ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०२१ मध्ये त्यांचे आत्मचरित्र प्रसिद्ध झाले. तरीही ‘हम्मा हम्मा’ सारख्या गीतांत रेमो हे दुसऱ्यांच्या चाली गाणारे उत्तम गायक म्हणूनच अधिक दिसतात. त्यांची खरी कमाई घरच्या चार मार्गिकांवरच झाली, असेच म्हणावे लागते. नांदेड-लातूरचे जे विद्यार्थी युवक महोत्सवासाठी पाश्चात्य समूहगीत बसवत असतील, त्यांनी ‘हम्मा हम्मा’ बाजूला ठेवून ‘गोअन क्रेझी’ एकदा पूर्ण ऐकावी.