पणतीच्या उजेडाचं माप

त्रिपुरारी पौर्णिमेच्या पहाटे कोल्हापुरात पंचगंगेच्या घाटावर पायरीपायरीला पणत्या लागतात. नदीवर अजून रात्र असते, खालच्या पाण्यात ज्योती थरथरत असतात. आणि कॅमेऱ्याच्या पडद्यावर पाहावं तर आकाश राखाडी, काळ्या दगडाला चुना फासल्यासारखा रंग आणि ज्योतींच्या जागी नुसते पांढरे ठिपके! डीएसएलआर नवा असताना माझ्या पहिल्या पहाटेचे सगळे फोटो असेच जळाले होते.

यात बिघाड काहीच नसतो. आतला प्रकाशमापक समोरचं दृश्य सरासरीने मध्यम करडं आहे असं धरून चालतो. छायाचित्रकार त्याला १८ टक्क्यांचा करडा म्हणतात. अंधार दिसला की तो उजेड वाढवून त्या करड्यापर्यंत आणतो. रात्र ही रात्रच राहायला हवी, हे त्याला आपणच सांगायचं असतं. त्यासाठी शटरच्या बटणाशेजारी किंवा मागच्या बाजूला अधिक-उणे चिन्हाचं एक बटण असतं. डायल ‘ए’वर (कॅननमध्ये ‘एव्ही’वर) ठेवायची, ते बटण दाबून चाक फिरवायचं आणि उणे एक किंवा उणे दोनवर जायचं. दगड काळे होतात, ज्योतीला पिवळा गाभा परत येतो. साऱ्या कॅमेऱ्यात मला सर्वांत मोलाचं वाटतं ते हेच बटण.

ज्योतीचा तो पिवळा रंग टिकवायला आणखी एक गोष्ट लागते. व्हाइट बॅलन्स ‘ऑटो’वर असेल तर कॅमेरा पिवळेपणा हा दोष समजून पुसू पाहतो. दिवसाचं ऊन साधारण ५५०० केल्व्हिनचं, ज्योत २००० च्या आसपासची. म्हणून सेटिंग सूर्याच्या चिन्हावर ठेवावं. ऊब जशीच्या तशी उतरते.

अॅपर्चरचे आकडे सुरुवातीला उलटे वाटतात. २.८, ४, ५.६, ८ असं पुढं जाताना छिद्र लहान होतं आणि प्रत्येक पायरीला उजेड निम्मा होतो. कारण तो आकडा म्हणजे भागाकार आहे: ५० मिलिमीटरची लेन्स एफ/४ वर असताना छिद्राचा व्यास साडेबारा मिलिमीटर. शटरचा वेळ दुप्पट केला की उजेड दुप्पट, आयएसओचंही (सेन्सरच्या संवेदनशीलतेचंही) तेच. त्यामुळे डायल ‘एम’वर (मॅन्युअलवर) ठेवली की एकीकडे सोडलेली पायरी दुसरीकडे भरून काढता येते.

समजा, एखादी मुलगी वाकून पणती लावते आहे. तिचा हात हलतो आहे, म्हणून शटर १/६० हवं, सोबत एफ/३.५ आणि आयएसओ ३२००. फोटोत दाणे येतील, येऊ द्यावेत. दाणेदार फोटो डोळा स्वीकारतो, हललेला चेहरा स्वीकारत नाही. तेच रिकाम्या पायऱ्या टिपायच्या तर ट्रायपॉड, आयएसओ १००, एफ/८ आणि चारेक सेकंद. तेवढ्या वेळात ज्योत डुलून थोडी जाड दिसते, पाणी मात्र काचेसारखं गुळगुळीत होतं. बटण दाबताना बोटाचा धक्का बसतो, म्हणून दोन सेकंदांचा टायमर लावावा. लेन्सवरचं कंपनरोधक बटणही ट्रायपॉडवर बंदच बरं.

अंधारात ऑटोफोकस पुढं-मागं घरघरत राहतो. अशा वेळी लाइव्ह व्ह्यू सुरू करून एखादी ज्योत पडद्यावर मोठी करावी आणि लेन्स ‘एम’वर टाकून हाताने रिंग फिरवावी. वात सुटी दिसली की फोकस बसला.

मावळतीला चंद्र असतो आणि तोही फोटोत घ्यायचा मोह होतो. पण चंद्रावर ऊन पडलेलं असतं. आकाशात वर असताना त्याचं माप आयएसओ १०० ला एफ/११, १/१०० सेकंद इतकं भरतं, म्हणजे घाटाच्या मापाशी उजेडाच्या सुमारे दहा पायऱ्यांचा, हजारपटीचा फरक. क्षितिजाजवळ तो मंदावतो, तरी एका क्लिकमध्ये दोन्ही सहसा मावत नाहीत.

सूर्य उगवण्याआधीच्या वीस-पंचवीस मिनिटांत मात्र आकाश निळं होत येतं आणि पणत्या अजून फिक्या पडलेल्या नसतात. त्या वेळी उजेड इतका भराभर वाढतो की दर दोन-तीन मिनिटांनी हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघून शटरचं चाक काही खटके पुढं सरकवावं लागतं: चार सेकंद, अडीच, दोन, एक. तोवर पहिल्या पायरीवरच्या पणत्यांतलं तेल संपत आलेलं असतं.