आखूड नळीचा हिशेब

शस्त्रामागचं शास्त्र : लेखांक ९

गेल्या आठवड्यात आपण सेमी-ऑटोमॅटिक रायफलचं पोट उघडून पाहिलं. चाप एकदा ओढला की एकच गोळी सुटते, आणि तिच्यामागच्या गॅसचा थोडा वाटा वापरून रायफल रिकामी पुंगळी बाहेर फेकते, पुढचं काडतूस आत घेते. तो लेख आल्यावर जी पत्रं आली, त्यांतल्या निम्म्याअधिक पत्रांत एकच प्रश्न होता : नळी आखूड असली की नेम बिघडतो ना? चित्रपटांत कमांडोंच्या हाती असतात त्या आखूड रायफली दिसायला छान, पण लांबवर निरुपयोगी, असं सगळेच म्हणतात.

उत्तर आधीच देऊन टाकतो. नळी आखूड झाली म्हणून नेम बिघडत नाही. बिघडतं ते दुसरंच काही, आणि ते समजून घेणं जास्त महत्त्वाचं आहे.

शाळेत आपण सगळ्यांनी केलेला एक उद्योग आठवा. फूटपट्टी बाकाच्या कडेवर ठेवायची, एक टोक तळव्याने दाबायचं आणि बाहेरचं टोक बोटाने सोडायचं. पट्टी बरीच बाहेर असली की ती सावकाश, मोठ्या हेलकाव्याने हलते. आत ओढून थोडीशीच बाहेर ठेवली की हेलकावा जेमतेम दिसतो, नुसता बारीक टर्रर आवाज येतो. रायफलची नळीही एका टोकाला घट्ट बसवलेली पट्टीच आहे. स्फोट झाला की ती थरथरते, आणि गोळी बाहेर पडताना तिचं तोंड नेमकं कुठे होतं यावर गोळीची दिशा ठरते. जाडी तीच ठेवून नळी निम्म्या लांबीची केली तर तिचा ताठपणा आठपट होतो. म्हणजे रायफल वाळूच्या पिशव्यांवर पक्की बांधून पाच गोळ्या झाडल्या, तर चांगल्या बनावटीची आखूड नळी लांब नळीइतकाच घट्ट ग्रुप, म्हणजे गोळ्यांच्या खुणांचा पुंजका, देते, कधी त्याहून सरसही.

मग ‘आखूड रायफलीने नेम लागत नाही’ हा अनुभव खोटा का? नाही, अनुभव खरा आहे. त्याचं कारण मात्र नळीत नसून नळीवर बसवलेल्या माशीत, म्हणजे नेम धरायच्या पुढच्या खुणेत आहे.

कॉलेजात असताना एनसीसीच्या कॅम्पात मी पहिल्यांदा एसएलआर हातात घेतली. सुमारे एकवीस इंची नळीची, अंगाने दणकट, सेमी-ऑटोमॅटिक रायफल. चटईवर पालथं पडून दस्ता खांद्यात रुतवला, तेव्हा उस्ताद शेजारी वाकून एकच गोष्ट पुनःपुन्हा सांगत होते : शिस्त ले, शिस्त ले. मला वाटलं, मी काही गडबड करतोय म्हणून रागावताहेत. नंतर कळलं की लष्करी बोलीत शिस्त घेणं म्हणजे नेम धरणं. आपल्या जुन्या मराठीतही शिस्त धरणं म्हणजे नेम धरणंच. मागच्या भोकातून पाहायचं, पुढची माशी त्याच्या बरोबर मधोमध आणायची आणि माशीचं टोक लक्ष्याला भिडवायचं. या दोन खुणांमधलं अंतर जितकं मोठं, तितकी डोळ्याची चूक लहान होते.

याचा हिशेब अगदी सोपा आहे. समजा, माशी मध्यापासून अर्धा मिलिमीटर सरकली. एवढी चूक कुणाच्याही हातून होते. वीस इंची नळीच्या एम-१६ वर दोन खुणांमधलं अंतर जवळपास ५० सेंटिमीटर असतं. तिथे ही चूक १०० मीटरवर १० सेंटिमीटरची होते. साडेचौदा इंची एम-४ कार्बाइनवर तेच अंतर ३७ सेंटिमीटर, चूक साडेतेरा सेंटिमीटर. आणि सोव्हिएत लष्कराने १९७९ साली स्वीकारलेल्या एकेएस-७४यू या छोट्या शस्त्रावर ते अंतर फक्त साडेतेवीस सेंटिमीटर आहे. तिथे तीच अर्ध्या मिलिमीटरची चूक १०० मीटरवर वीतभर, २१ सेंटिमीटर होते. तिन्ही ठिकाणी नळी निर्दोष आहे, चूक माणसाची आहे. आखूड शस्त्र ती वाढवून दाखवतं, एवढंच.

याचा सर्वांत सुंदर पुरावा लढाईच्या मैदानात नाही, नेमबाजीच्या रेंजवर मिळतो. २०१० साली म्युनिकमध्ये कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत ५० मीटर रायफल प्रोनमध्ये विश्वविजेत्या झाल्या. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचे स्वप्नील कुसाळे यांनी ५० मीटर थ्री पोझिशन्समध्ये कांस्यपदक जिंकलं. या प्रकारांतल्या रायफली टीव्हीवर पाहिल्यात तर नळी चांगली लांबलचक दिसते. पण बहुतेक रायफलींत पुढचा भाग ही नळी नसतेच. खरी, आतून पीळ असलेली नळी आधीच संपलेली असते, आणि पुढे एक पोकळ, हलकं नळकांडं जोडलेलं असतं. गोळी त्याला स्पर्शही करत नाही. ते फक्त माशी पुढे नेण्यासाठी असतं. जगातले सर्वांत अचूक नेमबाज नळी आखूड ठेवतात आणि शिस्त लांबवतात. आणि दोन खुणा जुळवायची गरजच न ठेवणारी आजची लाल ठिपक्याची साइट किंवा छोटी दुर्बीण आखूड रायफलीवर बसवली, की माशीची ही अडचण जवळजवळ मिटते.

नेमाचं एवढं पुरे. आता जे मिटत नाही त्याकडे वळतो.

पहिली गोष्ट वेग. यूजीन स्टोनर यांनी आखलेली एआर-१५, म्हणजे एम-१६ चं मूळ रूप, आणि तिचं ५.५६ मिलिमीटरचं काडतूस वीस इंची नळीसाठी जुळवलेलं होतं. गोळी हलकी, जेमतेम साडेतीन-चार ग्रॅमची. तिची सगळी मातब्बरी वेगावर. नळीत गॅसचा दाब पहिल्या काही सेंटिमीटरमध्येच कळसाला पोचतो आणि मग उतरत जातो, पण उतरता उतरताही तो गोळीला ढकलतच असतो. नळी कापली की हे ढकलणं मध्येच थांबतं. वीस इंची नळीतून नाटोची नेहमीची एम-८५५ गोळी सेकंदाला सुमारे ९४५ मीटर वेगाने निघते. साडेचौदा इंची नळीतून ८९० च्या आसपास. अमेरिकन नौदलाच्या एमके-१८ मध्ये नळी फक्त १०.३ इंचांची आहे, आणि तिथे वेग ८०० च्या आसपास येतो. आकडे नीट पाहा. पहिले साडेपाच इंच कमी केले तेव्हा ५५ मीटर गेले. पुढचे चारच इंच कमी केले तर ९० गेले. नळी जितकी आखूड होत जाते, तितका प्रत्येक इंच महाग पडतो.

वेग कमी म्हणजे लांबच्या लक्ष्यावर गोळी जास्त खाली येणार, वारा तिला जास्त ढकलणार, अंतराचा अंदाज थोडा चुकला तरी फटका जास्त बसणार. शंभर मीटरच्या आत हे जाणवतही नाही. तीनशेच्या पुढे हे सगळं एकदम अंगावर येतं. म्हणूनच एमके-१८ जहाजाच्या अरुंद बोळांत आणि जिन्यांत शिरणाऱ्यांच्या हाती दिली गेली; तिथे लक्ष्य काही पावलांवर असतं आणि नळी दाराच्या चौकटीला अडकणं हाच खरा धोका असतो. कामासाठी बनवलेलं हत्यार त्या कामापुरतं उत्तमच असतं. माझी तक्रार आहे ती ‘छोटं आहे म्हणजे सगळीकडे सोयीचं’ या समजुतीबद्दल.

दुसरी गोष्ट पोटातली. गॅसवर चालणाऱ्या रायफलीत नळीला एक बारीक भोक असतं. गोळी ते ओलांडून पुढे गेली की गॅस त्यातून मागे शिरतो आणि बोल्टला, म्हणजे काडतुसामागच्या सरकत्या भागाला, ढकलतो. पण गोळी नळीबाहेर पडताच दाब कोसळतो. म्हणजे भोकापासून नळीच्या तोंडापर्यंतच्या प्रवासातच रायफलीला आपलं काम उरकावं लागतं. साडेचौदा इंची नळीत भोकापुढे सात इंच शिल्लक असतात. १०.३ इंची नळीत तीनही नाहीत. वेळ तुटपुंजा पडतो, म्हणून भोक मोठं करावं लागतं. एमके-१८ मध्ये ते जवळपास पावणेदोन मिलिमीटरचं केलं गेलं. भोक मोठं केलं की गॅस जोरात येतो, बोल्ट झटक्याने मागे जातो. पुंगळी अजून चेंबरच्या भिंतींना चिकटलेली असतानाच तिला ओढलं जातं. तिला ओढणारा आकडा तिच्या कडेवरून घसरतो, बोल्टच्या डोक्यावरच्या दातांना लवकर तडे जातात. काडतूस थोडं कमजोर निघालं किंवा आत काजळी साचली, की रायफल अडकते. एकेएस-७४यू च्या तोंडाशी जो फुगीर डबा दिसतो तो शोभेचा नाही. सुमारे एकवीस सेंटिमीटरच्या नळीत दाब टिकत नव्हता, म्हणून तो गॅसला क्षणभर अडवण्यासाठी बसवला आहे. माझ्या मते आखूड नळीचं सर्वांत मोठं दुखणं हेच आहे. नेमाची चर्चा सगळे करतात, बोल्टची कुणी करत नाही.

आणि तिसरी गोष्ट, आवाज आणि आग. गॅसचा दाब उतरायच्या आतच गोळी बाहेर पडली, तर तो उरलेला दाब हवेत फुटतो. तो तप्त गॅस बाहेरच्या प्राणवायूशी मिळून पुन्हा पेटतो. रात्री दिसणारा मोठा भडका तो हाच. हे सैनिकांनी व्हिएतनाममध्ये भोगलं. एम-१६ ची आखूड भावंडं, एक्सएम-१७७ मालिकेतली, तिथे पोचली तेव्हा पहिल्यांचं बॅरल दहा इंची होतं. आवाज आणि भडका इतका, की तोंडाला सव्वाचार इंचांचं एक खास नळकांडं लावावं लागलं, आणि पुढच्या नमुन्यात बॅरल साडेअकरा इंची करावं लागलं. त्या नळकांड्यात काजळी साचे, देखभाल वाढे. पुढे अमेरिकेच्या कायद्याने त्याला सायलेन्सरच ठरवलं. नळी कापून वाचवलेली लांबी अशी परत द्यावी लागते. आजही आखूड रायफलीला सायलेन्सर लावला की तिची लांबी कार्बाइनइतकी होऊन बसते.

कायद्याचा उल्लेख झालाच आहे तर थोडक्यात सांगतो. अमेरिकेत १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स अ‍ॅक्टनुसार सोळा इंचांपेक्षा आखूड नळीची रायफल वेगळी नोंदवावी लागते. (मुळात ही मर्यादा अठरा इंच होती, ती १९६० मध्ये सोळावर आली.) २०० डॉलरचा करही होता, तो १ जानेवारी २०२६ पासून शून्य झाला, नोंदणी मात्र राहिली. त्या विधेयकाच्या पहिल्या मसुद्यात पिस्तुलांवरही बंधन होतं, आणि लोक रायफली कापून ते चुकवतील म्हणून आखूड रायफलींचं कलम आलं. पिस्तुलं नंतर वगळली गेली, कलम तसंच राहिलं. आपल्याकडे शस्त्र अधिनियम, १९५९ चं कलम ६ परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करायला सरळ मनाई करतं. त्यामागे लपवाछपवीची भीती आहेच, पण शास्त्रही त्याच बाजूला आहे. नळीच्या तोंडाची कड सर्व बाजूंनी सारखी नसेल तर बाहेर पडणारा गॅस गोळीच्या बुडाला एका बाजूने ढकलतो, आणि आखूड नळीत हा गॅस जास्त जोराचा असतो. करवतीने कापलेल्या नळीचा नेम खरोखरच बिघडतो. वर मी ‘चांगल्या बनावटीची’ म्हटलं ते यासाठी.

आखूड नळीच्या या सगळ्या दुखण्यांवरचा शहाणपणाचा मार्ग म्हणजे लांब नळीचं काडतूस आखूड नळीत कोंबायचं नाही. आखूड नळीसाठी काडतूसच वेगळं आखायचं. अमेरिकेत २०११ मध्ये प्रमाणित झालेलं .३०० ब्लॅकआउट हे असंच. जड गोळी आणि लवकर जळणारी दारू, त्यामुळे नऊ इंची नळीतही त्याचं काम उरकतं. आणि हेच काम आपल्या पुण्यातही झालं आहे. पाषाणच्या एआरडीई या डीआरडीओच्या संस्थेने जेव्हीपीसी ही कार्बाइन आखली ती ५.५६ बाय ३० मिलिमीटरच्या छोट्या काडतुसावर. नेहमीच्या काडतुसाची पुंगळी ४५ मिलिमीटरची असते. ७ डिसेंबर २०२० रोजी या कार्बाइनच्या चाचण्यांचा शेवटचा टप्पा पूर्ण झाला. शस्त्र कानपूरच्या स्मॉल आर्म्स फॅक्टरीचं, काडतूस खडकीच्या अ‍ॅम्युनिशन फॅक्टरीचं. वजन सुमारे तीन किलो, आणि प्रभावी पल्ला जाहीर केला तो शंभर मीटरहून अधिक, एवढाच. तीनशे-चारशेचा दावा नाही. हा प्रामाणिकपणा मला फार आवडला.

शेवटी पुन्हा त्या कॅम्पाकडे. त्या दिवशी मी एसएलआरच्या पाच गोळ्या झाडल्या, कानांत काहीच न घालता. कापसाचा बोळाही कुणी दिला नाही. दोन दिवस कानांत शिट्टी वाजत होती, आणि उजव्या कानातली आजही पूर्ण गेलेली नाही. १४० डेसिबलच्या पुढचा एकच धमाका कानाला कायमची इजा करू शकतो. रायफलीचा आवाज १६० च्या आसपास जातो, आणि नळी आखूड असली की धमाका वाढतोच, शिवाय तो कानाच्या जवळही येतो. तुमच्या घरातलं कुणी एनसीसीच्या, पोलीस भरतीच्या किंवा क्लबच्या फायरिंगला जात असेल, तर निघण्यापूर्वी त्याच्या खिशात इअरप्लगची एक जोडी टाका. मेडिकलच्या दुकानात ती मिळते.