चेसिसची उन्हाळवाही

वर्धा जिल्ह्यातल्या जाम चौरस्त्यावर उभा असलेला पंधरा वर्षांचा ट्रक समोरून पाहिला तर लग्नाला निघाल्यासारखा दिसतो. कपाळावर देवाचं नाव, आरशांना गोंडे, फाळक्यावर मोर. त्याचं वय पाहायचं असेल तर जमिनीवर पाठ टेकून खाली सरकावं लागतं. तिथे दोन लांब चॅनेल आणि त्यांना जोडणारे आडवे क्रॉस मेंबर, अशी शिडीसारखी चेसिस असते. इंजिन, केबिन, हौदा, माल, सगळं त्या शिडीवर. शिडी गेली की ट्रक गेला.

मिस्त्री छोटी हातोडी घेऊन चेसिस ठोकत जातो. चांगलं लोखंड ‘टण्ण’ वाजतं. मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांच्या हँगरपाशी आवाज एकदम भद्द होतो आणि खारी मोडावी तसे तपकिरी पापुद्रे तोंडावर गळतात. तिथे गंज आतून खात आलेला असतो.

वर्धा जिल्ह्यात समुद्र नाही, खारं वारं नाही. थंड देशांत बर्फ वितळवायला रस्त्यांवर मीठ टाकतात, तेही इथे नाही. मग गंज येतो कुठून? माझ्या मते दोन वाटांनी. पहिली वाट काळ्या मातीची. कापसाला जीव देणारी ही माती पाणी धरून ठेवते, तेच तिचं मोल. पण शेतरस्त्यावरून उडालेला तिचा लगदा चॅनेलच्या खोबणीत बसला की पाऊस थांबून आठवडा झाला तरी आतून ओलाच असतो. बाहेरून लोखंड कोरडं दिसतं, लगद्याखाली मात्र गंजाचं काम चालू राहतं. दुसरी वाट मालाची. पेरणीच्या दिवसांत रेल्वेच्या मालधक्क्यावरून खताची पोती भरली जातात. पोटॅशमधलं क्लोराइड मिठासारखंच लोखंडाचं वैरी. चंद्रपूरकडून येणारा कोळसा वेगळा त्रास देतो. ओल्या कोळशातल्या गंधकापासून आम्ल तयार होतं आणि ते हौद्याच्या फटींतून थेट चेसिसवर ठिबकतं.

सगळ्यांत वाईट जागा दोन पत्रे एकमेकांवर बसतात ती. जास्त भार झेपावा म्हणून चॅनेलच्या आतून दुसरी पट्टी मारून ‘डबल चेसिस’ करतात. त्या फटीत ओल शिरली की गंज फुगतो. लोखंडापेक्षा गंजाला कित्येक पट जास्त जागा लागते. तो जोर इतका असतो की जाड पट्ट्या कमानीसारख्या फाकतात आणि रिव्हेटची डोकी उडतात.

आमच्या देवळीच्या घरी टाटाची १२१० होती. एका जुलैत एका गॅरेजवाल्याने तिला खालून काळ्या डांबराचा जाड लेप दिला. वडिलांना फार आवडला, ट्रक खालून नवा दिसायला लागला. तीन वर्षांनी लेपाचा तुकडा निघाला तो सोबत लोखंडाची खपली घेऊनच. ओल आत, झाकण वर. तेव्हापासून मी एकच गोष्ट धरून आहे: कोणता लेप लावला याआधी तो कधी लावला, हे विचारावं.

शेतकरी मे महिन्यात उन्हाळवाही करतो, जमीन उलटून उन्हाला देतो. ट्रकचंही तेच करायला हवं. कापसाच्या गाठींचा हंगाम सरलेला असतो, खताची धावपळ अजून लागायची असते, आणि पारा पंचेचाळिसाच्या पुढे. याहून चांगली भट्टी कुठली? रॅम्पवर चढवून खालून जोरात पाणी मारायचं, खोबणीतली माती खिळ्याने, पटाशीने काढायची, पाणी निघून जाण्याची भोकं मोकळी करायची. मग दोन-तीन दिवस ट्रक नुसता उन्हात. हे दिवस मालकाला जड जातात, पण खरं काम याच दिवसांत होतं. नंतर तारेच्या ब्रशने सुटा गंज खरवडायचा, रेड ऑक्साइडचा हात द्यायचा, तो वाळला की वरचा रंग.

फटींत ब्रश जात नाही. तिथे जवसाचं तेल कामाला येतं. हार्डवेअरच्या दुकानात मिळणारं, उकळलेलं, खाण्याचं नव्हे. जवसाचं तेल हवेतला ऑक्सिजन घेऊन घट्ट होतं, त्याची पातळ साय बनते. जवस तर विदर्भाचं जुनं पीक. वर्ध्याच्या मगनवाडीत १९३४ साली अखिल भारत ग्रामोद्योग संघ सुरू झाला. जे. सी. कुमारप्पांच्या देखरेखीखाली तिथे ग्रामोद्योगांचं काम चाले आणि झवेरभाई पटेलांनी तेलघाणी सुधारली, हे इथल्या माणसांनी विसरू नये. शेंदूरही या गोष्टीतला. मारुतीला तेलात कालवून लावतात तो पारंपरिक शेंदूर म्हणजे शिशाचं ऑक्साइड. जवसतेलात खललेला तोच शेंदूर जगभर लोखंडी पुलांना आणि जहाजांना गंजाविरुद्ध पहिला हात म्हणून लावला जाई. शिसं विषारी, म्हणून तो मागे पडला आणि त्याची जागा रेड ऑक्साइडने घेतली.

तेलाच्या चिंध्या मात्र गोळा करून कोपऱ्यात फेकू नयेत. वाळताना तेल तापतं आणि मेच्या उन्हात तो गोळा आपोआप पेट घेऊ शकतो. चिंध्या मोकळ्या पसरून वाळवाव्यात, नाहीतर पाण्यात बुडवून ठेवाव्यात. ब्रेक, रबर आणि सायलेन्सर यांच्यापासून तेल लांब. सर्रास मारलं जाणारं जळकं इंजिन ऑइल तर मला अजिबात मान्य नाही. त्याने रबरी बुश फुगतात, धूळ चिकटते आणि उरलेलं थेंबाथेंबाने कुणाच्या तरी शेतात जातं.

आतून लागणारा गंजही आहे. कॉम्प्रेसरच्या हवेतली वाफ एअर टँकमध्ये पाणी होऊन साचते. टँकखालचा छोटा व्हॉल्व्ह रोज सकाळी उघडायला अर्धं मिनिट पुरतं. पाणी तसंच राहिलं तर टँक कुजते आणि ब्रेकचा भरवसा जातो. आठ वर्षांनंतर दरवर्षी फिटनेस काढावं लागतं, तेव्हा ट्रकवाले रंग आणि लाइट पाहतात. आधी खाली शिरावं.

जूनमधल्या पहिल्या मोठ्या पावसानंतर, ट्रक उभा केल्यावर, चॅनेलच्या खालच्या भोकांना बोट लावून बघा. पाणी ठिबकत असेल तर भोकं मोकळी आहेत. बोटाला चिखल लागला तर तिथूनच पुन्हा सुरुवात करायची.