वामनदादांची गाणी ‘प्रचारकी’ आहेत काय?

लोककवी वामनदादा कर्डक यांच्या गीतांविषयी वृत्तपत्रांच्या पुरवण्यांतून अधूनमधून एक शेरा वाचावयास मिळतो : ही प्रचारगीते होत, जयंतीच्या मांडवात शोभतात, काव्यात त्यांची गणना नाही. वसतिगृहातील एका मुलीने असेच एक कात्रण आणून ‘हे खरे का, सर?’ म्हणून विचारले. तिला दिलेले उत्तर येथे थोडे विस्ताराने मांडीत आहोत.

१५ ऑगस्ट १९२२ रोजी सिन्नर तालुक्यातील देशवंडी येथे जन्मलेले वामनदादा मुंबईत मोलमजुरी करीत. कोणी हाती दिलेले पत्र वाचता येईना, तेव्हा ते ओशाळले आणि देहलवी मास्तरांकडे मुळाक्षरे गिरवू लागले. पहिले गीत १९४३ सालचे. ज्यास अक्षर इतक्या उशिरा लाभले, त्यास निरक्षर श्रोत्याचा कान नेमका ठाऊक होता. म्हणून ध्रुवपद सोपे, यमक पक्के, चाल ओळखीची (कित्येकदा सिनेमाचीसुद्धा!). ज्यांच्या घरी पुस्तक नाही त्यांच्या स्मरणात बाबासाहेबांचा विचार बसविण्याची ती रीत होती. अभंगानेही हेच केले. मग भक्ती शिकविणारे ते वाङ्मय आणि समता शिकविणारी ती घोषणा, हा कुठला न्याय?

त्यांच्या हजारो गीतांत काही प्रसंगापुरती आहेत, हे मान्य. परंतु कवीची पारख त्याच्या उत्तम रचनांवरून करावयाची असते. ‘वाटचाल’, ‘मोहळ’ हे संग्रह आणि त्यांच्या गझला वाचून शेरा मारणारे आम्हांस फारसे भेटलेले नाहीत.

अमेरिकेतील थोर कृष्णवर्णीय गायक पॉल रोबसन यांच्यावरही राजकारणापायी कला वाया घालविल्याचा ठपका आला. १९५० साली सरकारने त्यांचा पासपोर्ट रद्द केला, तो १९५८ मध्ये परत मिळाला. ज्या गाण्यात काही दम नाही, त्याची एवढी धास्ती कोणते सरकार घेईल?

रत्नागिरीच्या बौद्धवाड्यांत वामनदादांची गाणी मुंबईच्या चाकरमान्यांबरोबर आली. अनेक घरांत ती हाताने उतरविलेल्या वह्यांतून आहेत, आणि कोकणातील ओल व वाळवी कोणाची गय करीत नाही. माजी विद्यार्थ्यांनी अशा वह्या यंदाच्या पावसाळ्यापूर्वी शाळेच्या ग्रंथालयात पोहोचत्या कराव्यात. नकला करून मूळ वह्या परत दिल्या जातील. नोंदवही त्याच मुलीने घातली आहे.