‘णार’ची वही

तंत्रज्ञानाच्या पानावर काम करणाऱ्या उपसंपादकाला मराठी व्याकरणातला एक प्रत्यय पक्का यावा लागतो, तो म्हणजे ‘णार’. फोनची घडी होणार, गाडी आपली आपण चालणार, ड्रोन गच्चीवर पिझ्झा टाकून जाणार. पुण्यातल्या एका दैनिकात मी नऊ वर्षं हे पान लावलं. तेवढ्या काळात दरवर्षी एक दोनशे पानी वही घ्यायची आणि त्यात ही ‘णार’ची वाक्यं उतरवायची, असा मला नाद लागला. वहीत तीन रकाने होते: तारीख, वाक्य आणि ‘झालं का?’. तिसरा रकाना बराचसा कोराच राहायचा. परवा माळा काढताना २०१६ ची वही हाताला लागली आणि माळा तसाच राहिला.

त्या वर्षीची फेब्रुवारीतली नोंद अशी आहे: ‘२५१ रुपयांत स्मार्टफोन मिळणार.’

आठवत असेल. नोएडाची रिंगिंग बेल्स नावाची कंपनी, फोनचं नाव फ्रीडम २५१. चार इंची पडदा, एक जीबी रॅम, आठ जीबी साठवण, पुढेमागे कॅमेरे. पोहोचवण्याचे ४० रुपये वेगळे. वर्तमानपत्रांत पानभर जाहिराती आल्या. दिल्लीतल्या समारंभाला संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर येणार असं आधी सांगितलं गेलं होतं. ते आले नाहीत, मुरली मनोहर जोशी मात्र मंचावर होते. १८ फेब्रुवारीला सकाळी सहाला बुकिंग सुरू झालं आणि थोड्याच वेळात वेबसाइटनं मान टाकली.

सव्वासहाला कराडहून आत्याचा फोन. “अरे, ती साइट उघडतच नाहीये. तू पेपरात आहेस ना? तुझ्या ओळखीनं दोन सांगून ठेव. एक मला, एक दूधवाल्याला.” मी म्हणालो, आत्या, जरा थांब, बघू काय होतंय. ती म्हणाली, “थांब काय? तुझ्याच पेपरात आलंय!”

यावर मला बोलायला जागा नव्हती, कारण मथळा माझाच होता.

पत्रकारांना हाताळायला दिलेल्या फोनांवर ॲडकॉम या दुसऱ्याच कंपनीचं नाव छापलेलं होतं आणि त्यावर चक्क व्हाइटनर फासला होता. तोच ॲडकॉमचा फोन बाजारात साडेतीन-चार हजारांच्या आसपास मिळत होता. मोबाइल उद्योगाच्या संघटनेनं सरकारला कळवलं, की स्वस्तातले स्वस्त सुटे भाग घेतले तरी असा फोन साडेतीन हजारांच्या आत बसत नाही. हा हिशेब करायला संघटना कशाला हवी होती? नुसती बॅटरी बदलायला मोबाइलच्या दुकानात किती पडतात, हे मला ठाऊक होतं. रोज व्हाइटनर वापरणाऱ्या आमच्या डेस्कवर कुणालाच मथळा लावला त्या रात्री हा हिशेब आठवला नाही.

खरं तर माझ्या हातून झालं ते याहून बारीक होतं. इंग्रजी कॉपीत ‘कंपनीनं म्हटलं आहे’ हे शब्द होते. मी ते गाळले, कारण मथळा तीन कॉलमी होता आणि अक्षरं बसत नव्हती. मराठी डेस्कवर हे रोज घडतं. एजन्सीची इंग्रजी बातमी संध्याकाळी येते, तिच्यात ‘कदाचित’, ‘शक्यता’, ‘दावा’ अशा मागच्या खिडक्या असतात. त्यांतून कंपनीलाही सटकता येतं आणि बातमीदारालाही. भाषांतरात त्या खिडक्या आधी बंद होतात. ‘होऊ शकेल’चं ‘होणार’ होतं, आणि शहर आवृत्तीचं पान सोडेपर्यंत ‘होणार’ला उद्गारचिन्ह चिकटतं. खोटं कुणी बोललेलं नसतं.

मूळ इंग्रजी बातमी तरी कुठून येते? पुष्कळदा कंपनीच्या प्रेस नोटमधून. नोट दोन दिवस आधी मिळते, अट एवढीच की ठरल्या तासाच्या आधी छापायची नाही. म्हणजे त्या तासाला सगळ्यांकडे एकच बातमी, एकच फोटो, कंपनीच्या माणसाचं एकच वाक्य. आपण वेगळं काही विचारत बसलो तर ‘आपल्याकडे नाही आली?’ असा फोन वरून येतो. कधी बातमीदाराला विमानानं बंगळुरूला नेतात, चांगल्या हॉटेलात ठेवतात, परत येताना वापरून बघायला फोन देतात. मीही दोनदा गेलोय. जेवण उत्तम होतं.

वहीत डिसेंबरात एका ट्रकची नोंद आहे. अमेरिकेतल्या निकोला कंपनीनं सॉल्ट लेक सिटीत ‘निकोला वन’ हा ट्रक मंचावर आणला आणि तो चालतो असं संस्थापक ट्रेव्हर मिल्टन यांनी सांगितलं. पुढे २०१८ मध्ये कंपनीनं व्हिडिओ काढला: मोकळ्या रस्त्यावरून ट्रक झोकात निघालाय. जून २०२० मध्ये काही काळ या कंपनीचं बाजारमूल्य फोर्डच्याही वर गेलं. सप्टेंबरात हिंडेनबर्ग रिसर्च या संस्थेनं अहवाल काढला, की तो ट्रक उतारावर नेऊन सोडून दिला होता. कंपनीचं उत्तर मला फार आवडलं. व्हिडिओतला ट्रक स्वतःच्या ताकदीवर चालतोय असं आम्ही कधी म्हटलंच नव्हतं, तो ‘गतिमान’ आहे एवढंच म्हटलं होतं. मराठीत या प्रकाराला ‘घरंगळणं’ असा स्वच्छ शब्द आहे, पण तो प्रेस नोटमध्ये येत नाही. मिल्टन यांना २०२२ मध्ये न्यायालयानं गुंतवणूकदारांच्या फसवणुकीत दोषी धरलं, पुढे चार वर्षांची शिक्षा झाली, आणि मार्च २०२५ मध्ये राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनी माफीही दिली. कंपनीनं त्याच्या महिनाभर आधी दिवाळखोरीचा अर्ज केला होता.

सगळीच वाक्यं लबाडांची नसतात. त्याच वर्षी कृत्रिम बुद्धिमत्तेचे संशोधक जेफ्री हिंटन म्हणाले होते, की रेडिओलॉजिस्ट तयार करणं आता थांबवावं. पाच वर्षांत, फार तर दहा, यंत्र त्यांच्यापेक्षा सरस होणार. हा माणूस थोर आहे. २०२४ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना मिळालं. पण आजही नीट-पीजीत वरचा नंबर आलेली मुलं रेडिओलॉजीच्या जागेवर उड्या टाकतात. मला प्रश्न पडतो तो बातमी करणाऱ्यांचा, म्हणजे माझाच. एक्स-रे, सोनोग्राफी वाचणाऱ्या एखाद्या डॉक्टरला फोन करून ‘तुम्ही दिवसभर नक्की काय करता?’ एवढं विचारायला पाच मिनिटं लागली असती. केला नाही.

नोव्हेंबरचं पान उघडताना तर हसूच येतं. नोटाबंदी होऊन दोन दिवस नाहीत तोवर वाहिन्यांवर सुरू झालं, की दोन हजारांच्या नव्या नोटेत नॅनो चिप आहे, जमिनीखाली १२० मीटर पुरली तरी उपग्रहाला सापडणार. रिझर्व्ह बँकेनं असं काही नसल्याचं सांगितलं. कागदाएवढ्या जाडीत चिपला वीज कुठून मिळते, हे मात्र ॲनिमेशनमध्ये कुठे दिसलं नाही.

शंका घेणाऱ्याचीही फजिती होते, तीही लिहून ठेवलेली बरी. १ सप्टेंबरला मुंबईत मुकेश अंबानींनी जिओची घोषणा केली: फोनवर बोलायला पैसे पडणार नाहीत. त्यापुढे मी लाल शाईनं लिहिलंय, ‘चार दिवसांचं फुकट.’ त्या शाईची आता लाज वाटते. फुकटचा हंगाम संपला, पण बोलण्याचे मिनिटावारी पैसे मोजायचे दिवस काही कायमचे परत आले नाहीत.

याहून मोठी चूक वहीत नाहीच, म्हणून ती सापडायला वेळ लागला. ११ एप्रिल २०१६ ला मुंबईत रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे गव्हर्नर रघुराम राजन यांच्या हस्ते यूपीआयचं उद्घाटन झालं. वहीत त्या तारखेला नोंद नाही. प्रेस नोट आली होती, मला अंधूक आठवतं. सगळी आद्याक्षरं आणि बँकांची नावं. चमकणारी वस्तू नाही, मंचावर काळ्या टी-शर्टातला माणूस नाही, फोटोत ओळीनं उभे असलेले अधिकारी. मी तिला आतल्या पानावर सिंगल कॉलम दिला, आणि खाली जाहिरात वाढल्यावर शेवटचा परिच्छेद उडवला. त्या यूपीआयवर ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात दोन हजार कोटींहून जास्त व्यवहार झाले. आमच्या कोपऱ्यावरच्या मावशी दहा रुपयांची कोथिंबीर देतात तेव्हा त्यांच्या गाडीवरचा डबा मोठ्यानं रक्कम सांगतो, मान वर करून बघावंही लागत नाही.

फेब्रुवारी २०१७ मध्ये फ्रीडम २५१ च्या संचालकाला एका वितरकाच्या फसवणुकीच्या तक्रारीवरून अटक झाली. ती बातमीही माझ्याच हाताखालून गेली. त्या दिवशी महापालिका निवडणुकीची धामधूम होती. दहा ओळी, डावीकडे खाली, मथळा एका कॉलमाचा. ‘दावा’ हा शब्द या वेळी नीट बसला.

कराडला ती कुणी वाचली नाही. गेल्या दिवाळीत आत्याकडे गेलो होतो. भाचीनं घेऊन दिलेला बारा हजारांचा फोन फराळाच्या ताटाशेजारी ठेवून ती म्हणाली, “तेव्हा ती साइट उघडली असती ना, तर अडीचशेत काम झालं असतं. तू काही मनावर घेतलं नाहीस.”