झोपेचा खाडा

पहाटेचे तीन. स्वयंपाकघरातले सगळे डबे ओट्यावर काढून एक तरुणी ते घासत बसली आहे. गेले चार महिने केसांवरून फणी फिरवायचंही तिच्या जिवावर येत होतं. त्यामुळे खडखडाटानं जाग आली तरी आई सुखावतेच. ‘पोरगी माणसांत आली एकदाची!’ तिसऱ्या दिवशी पोरगी नोकरी सोडून मसाल्यांचा धंदा काढायचं ठरवते. पाचव्या दिवशी एफडी मोडून हजार काचेच्या बरण्या मागवते. एक वाक्य संपायच्या आत दुसऱ्यात शिरते, कुणी अडवलं की अंगावर येते. रात्रीची झोप जेमतेम दोन तास, तरी चेहऱ्यावर थकव्याचा मागमूस नाही.

हे घर कल्पित आहे. घटनांचा क्रम मात्र मानसोपचारतज्ज्ञांच्या रोजच्या कानावरचा. बायपोलर डिसऑर्डर, म्हणजे द्विध्रुवीय भावविकार, पुष्कळदा असा दारात येतो. आणि घरचे त्याचं स्वागत करतात.

लहर वेगळी, आजार वेगळा

बोलण्यात ‘बायपोलर’ हा शब्द आता फार स्वस्त झालाय. सकाळी हसणाऱ्या आणि दुपारी खेकसणाऱ्या साहेबालाही आपण ‘बायपोलर’ ठरवून टाकतो. पण या आजाराचं माप तासांचं नसतं. त्या तरुणीसारख्या अवस्थेला उन्माद म्हणायचं तर ती निदान आठवडाभर टिकावी लागते. रुग्णाला दाखलच करावं लागलं तर मुदतीची अट उरत नाही. सौम्य उन्मादाला सलग चार दिवस, नैराश्याला दोन आठवडे. पूर्ण उन्माद आयुष्यात एकदा जरी आला तरी आजार पहिल्या प्रकारचा. सौम्य उन्माद आणि नैराश्य यांची जोडी असेल तर दुसऱ्या. ‘दुसरा’ म्हणजे हलका असं कुणी समजू नये. त्यातलं नैराश्य माणसाची वर्षं खातं.

‘दोन ध्रुव’ या शब्दानंही थोडी फसगत होते. कधी कधी दोन्ही एकाच वेळी येतात: मन काळोखात आणि अंगात उन्मादाचा जोर. या मिश्र अवस्थेत आत्महत्येचा धोका फार मोठा असतो.

निदान चुकतं ते बहुतेक वेळा नैराश्याच्या टप्प्यावर. दवाखान्याची पायरी माणूस चढतो ती खचल्यावर. उत्साहाच्या दिवसांची तक्रार कोण करणार? मग नुसत्या नैराश्याची गोळी सुरू होते, आणि काहींच्या बाबतीत तीच त्यांना उन्मादात ढकलते. म्हणून जाणता डॉक्टर विचारतो, ‘मध्ये कधी झोप कमी होऊनही दमणूक नाही, असे दिवस गेले का?’ निद्रानाशात माणसाला झोप हवी असते, ती येत नाही. उन्मादात झोपेची गरजच आटते. हा फरक घरच्यांच्या डोळ्यांना दिसतो, म्हणून डॉक्टरांना त्यांच्याशीही बोलायचं असतं.

आजार बहुधा विशी-पंचविशीच्या आसपास डोकं वर काढतो. त्यात आनुवंशिकतेचा वाटा मोठा आहे. तरीही आई किंवा वडिलांना तो असेल तर मुलाला होण्याची शक्यता ढोबळमानानं दहात एक, म्हणजे नऊ जण सुटतात. आजार दिसतो तेच लग्नाचं वय, म्हणून नातेवाईक सल्ला देतात, ‘लग्न लावून द्या, ताळ्यावर येईल.’ पण मुळात ज्याच्यात या आजाराचा कल आहे, त्याला सलग जागरण हीच ठिणगी ठरू शकते. हळदीपासून जागरण-गोंधळापर्यंतच्या लग्नघरातल्या रात्री, बाळंतपणानंतरचे आठवडे, बदलती रात्रपाळी हे सगळे जोखमीचे दिवस.

केड यांचा पहिला रुग्ण

मेलबर्नजवळच्या बंडूरा इथल्या रुग्णालयात जॉन केड या डॉक्टरांनी या आजारावर आजही दिल्या जाणाऱ्या लिथियमचा क्षार आधी गिनीपिगना टोचला, मग स्वतः घेऊन पाहिला. मार्च १९४८मध्ये त्यांनी तो पाच वर्षं उन्मादात असलेल्या एका ५१ वर्षांच्या रुग्णाला दिला. काही महिन्यांत तो माणूस घरी गेला, जुन्या नोकरीवर रुजू झाला. बरं वाटलं म्हणून त्यानं औषध सोडलं, आणि घरी गेल्यापासून साधारण सहा महिन्यांनी पुन्हा वॉर्डात आला. १९४९ साली केड यांचा शोधनिबंध आला. १९५०मध्ये हाच रुग्ण लिथियमच्या विषबाधेनं गेला.

लिथियमचे आजचे मुख्य नियम या एका माणसाच्या कहाणीत आहेत. बरं वाटतं ते औषधामुळे, म्हणून ते मनानं सोडायचं नाही. आणि गुण येण्याची मात्रा व विषाची मात्रा यांत अंतर थोडं, म्हणून रक्तातलं लिथियम तपासत राहायचं. मूत्रपिंड आणि थायरॉइडही. जुलाब, उलट्या, निर्जळी उपास, एकाएकी मीठ तोडणं, आयब्युप्रोफेनसारखी वेदनाशामक गोळी यांनी रक्तातली लिथियमची पातळी चढते. आता इतरही औषधं आहेत आणि कुणाला कुठलं लागू पडेल ते डॉक्टर ठरवतात. समुपदेशनाची जोड हवीच, पण पहिल्या प्रकारात नुसत्या समुपदेशनावर भागत नाही.

२०१५-१६च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात हजार प्रौढांमागे साधारण तिघांना हा आजार आढळला, आणि त्यांतले सुमारे सत्तर टक्के उपचारांबाहेर होते. कुठं जावं कळत नसेल तर टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

दूध आलं नाही की भिंतीवरच्या कालनिर्णयवर आपण त्या तारखेला खाडा मांडतो. ज्या घरात हा आजार आहे, तिथं त्याच चौकटीत झोपेचे तासही लिहावेत. लिहिणारा रुग्ण स्वतः असेल तर उत्तम. सात, सात, साडेसहा, मग चार, तीन, आणि तरीही चेहरा टवटवीत. एवढं दिसलं की फोन डॉक्टरांना जायला हवा. बरण्यांची ऑर्डर जायच्या आत.